तिसरं युनिट: वाळू

हिरवी वाळू म्हणतात तिला, असते काळी.
हे वाक्य वर्गात म्हटलं की
बावीस पोरं हसतात, आणि धडा सुरू होतो.
काल कॅमेऱ्यासमोर म्हटलं.
पंखा तेवढा फिरत राहिला.

उद्यमबागेतल्या आमच्या संस्थेला पत्र आलंय:
साचेकाम आता घरबसल्या शिकवा.
सोबत तक्ता. रकाने भरायचे.
कालावधी, सात मिनिटांच्या वर नको.
विद्यार्थी काय करू शकेल ते लिहा,
क्रियापद मोजता येईल असं हवं.
‘समजेल’ चालत नाही. ‘जाणवेल’ तर नाहीच.

लिहिलं: विद्यार्थी वाळूतला ओलावा ओळखू शकेल.
कशाने, हा पुढचा रकाना.

सव्वीस वर्षं मी काय करत आलो?
पोराची मूठ माझ्या मुठीत धरून दाबली.
मग उघड म्हटलं:
बोटांचे ठसे वाळूवर उमटले पाहिजेत,
गोळा मधोमध मोडला तर कडा धारदार,
तळहात कोरडा.
पाणी जास्त झालं तर ओतकामाला फुगे धरतात,
कमी झालं तर साचा ढासळतो,
आणि तेराशे अंशांवरचं लोखंड
कुणाच्या शंकेसाठी थांबत नाही.

भाषा, असाही एक रकाना. एकच निवडा.
वर्गात मी वाक्य मराठीत सुरू करतो,
बैलहोंगलच्या कल्मेशकडे वळून कन्नडमध्ये संपवतो,
मधलं क्रियापद कुणाचं, हे तिथं कुणी विचारत नाही.
मी मराठी निवडली.
आणि चित्रीकरणात, पाणी शिंपडता शिंपडता,
तोंडातून गेलं, ‘स्वल्प... स्वल्प... साकु.’
बेंगळुरूहून फोन: सर, तेवढं कापू?
म्हटलं, कापा.
मग म्हटलं, थांबा,
ते कापलंत तर पाणी कुठं थांबवायचं ते पोरांना कसं कळणार?

पाचव्यांदा मूठ दाबली तेव्हा
मोबाइल धरून उभी असलेली आमची स्टोअरकीपर रुक्साना म्हणाली,
सर, मूठच दिसालीय ओ. आतलं कुठं दिसतंय?

सिद्राय जांबोटीच्या पलीकडचा.
गेल्या वर्षी नापास, यंदा पुन्हा, घरून.
वर्षभर शेवटच्या टेबलापाशी उभा असायचा,
एक प्रश्न विचारलेला आठवत नाही.
त्याची मूठ मी धरली होती का?
धरली असेल. बावीस मुठी, पाऊण तास.

त्याच्या घरात रेंज नाही,
देवळामागच्या कातळावर येते.
तिथं बसून त्यानं माझी सात मिनिटं
अकरा वेळा बघितली, मागे नेऊन नेऊन.
‘सर, परत एकदा’ म्हणायला
मी वर्गात कधी जागा ठेवली होती?

काल रात्री त्याचा फोटो आला.
लाल मातीचा गोळा, चार बोटांचे ठसे,
आणि मोडलेले दोन तुकडे वर्तमानपत्रावर.
कडा विरल्या होत्या, पाणी किंचित जास्त.
खाली लिहिलं होतं:
सर, वाळू नव्हती म्हणून परड्यातली माती घेतली.
बरोबर ओली असली तर मोडताना बारीक आवाज येतो.
जास्त भिजली की येत नाही.
तुम्ही हे सांगितला नव्हता.
बरोबर काय सर?

बरोबर काय.
भट्टी, ब्लोअर, बावीस पोरं,
वरून माझाच आवाज:
त्या शेडमध्ये कुणाला काय ऐकू येणार होतं?

आज सगळे गेल्यावर थांबलो.
तक्त्यात ‘कशाने’ अजून कोरं आहे.
बादलीतून वाळू घेतली, पाणी शिंपडलं,
स्वल्प, साकु,
पंखा बंद केला,
आणि गोळा कानाशी नेऊन मोडला.
नेमका तेव्हाच बाहेरून टेम्पो गेला.

दुसरा करायला घेतला.